प्रयोगशाळा आणि एमबीएचा वर्ग यांची गाठ नेमकी कुठे घालायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: राज्य विद्यापीठाच्या विज्ञान विभागांत वापरात येऊ शकतील अशी दहा-बारा संशोधनं पडून आहेत. त्याच आवारात एमबीएचा विभाग आहे. तुम्ही दोन्हीकडच्या लोकांची एकत्र बैठक घेतली, सादरीकरणं झाली, सगळ्यांनी उत्साह दाखवला, फोन नंबर दिले-घेतले. तीन महिने झाले तरी काही हललं नाही. आता कार्यक्रम नीट कसा आखावा?

ओळख झाली नाही म्हणून हे अडलेलं नाही. दोघांपुढे एकत्र करण्याजोगं ठोस काम नाही, म्हणून अडलंय. प्राध्यापकांना वाटतं, आमचं संशोधन पूर्ण झालंय, आता एमबीएवाल्यांनी ते ‘विकावं’. मुलांना वाटतं, तयार वस्तू हातात येईल, मग आपण ब्रँड आणि जाहिरात बघू. प्रत्यक्षात मधलाच टप्पा रिकामा असतो: याची गरज कोणाला आहे, तो आज काय करून भागवतो, आणि नव्या गोष्टीसाठी खिशात हात घालेल का? हे शोधणं हेच दोघांचं सामायिक काम. गाठ तिथे घाला. एमबीएच्या मुलांकडून पहिल्या सहामाहीत बिझनेस प्लॅन मागूच नका. ज्या वस्तूचा ग्राहक ठाऊक नाही तिचा पाच वर्षांचा ताळेबंद म्हणजे वेळेचा अपव्यय.

हे सगळीकडे सारखं लागू होत नाही, हे आधीच सांगतो. औषधाचा नवा रेणू असेल तर चाचण्यांचा मार्ग वेगळा आणि दीर्घ असतो. तिथे चार महिन्यांच्या मुलाखतींतून फारसं निघत नाही. नुसतं सॉफ्टवेअर असेल तर पेटंटपेक्षा लवकर वापरात आणणं महत्त्वाचं. उपकरणं, साहित्य, कृषी, पाणी, अन्नप्रक्रिया यांत मात्र ही पद्धत चांगली चालते. शिवाय तुमच्या विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण लिखित आहे की नाही, यावरही बरंच ठरतं. नसेल तर खालच्या काही गोष्टी कुलसचिव कार्यालयाकडून आधी मंजूर करून घ्याव्या लागतील.

आधी पेटंट, मग बैठक

तुमच्या बैठकीत सादरीकरणं झाली, हे वाचून मला पहिली काळजी हीच वाटली. अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला, तर भारतात त्याचं नावीन्य जातं. कायद्यात सवलत आहे, पण ती अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांनंतर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. त्या सवलतीवर विसंबून चालू नये. आपल्याकडे शोध जाहीर होण्याच्या वाटा नेहमीच्याच आहेत आणि त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतलं पोस्टर, परिषदेच्या पुस्तिकेत छापलेला सारांश, खुली तोंडी परीक्षा, आणि शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) चढलेला प्रबंध. यातली शेवटची वाट सर्वांत घातक, कारण प्रबंध अपलोड झाला की तो जगात कुठेही, कोणालाही वाचता येतो.

म्हणून दहा-बारा संशोधनांची यादी करताना प्रत्येकापुढे एक रकाना ठेवा: कुठे, कोणत्या तारखेला, काय दाखवलं. जिथे अजून काही उघड झालेलं नाही तिथे प्रोव्हिजनल अर्ज करा, म्हणजे तारीख पक्की करणारा प्राथमिक अर्ज. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटाची फी वेगळी, ती कामाप्रमाणे बदलते. प्रोव्हिजनल केल्यापासून १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) दिलं नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. तपासणीची विनंती प्राधान्य तारखेपासून, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत करावी लागते, संस्थेसाठी ४,००० रुपये. ती राहून गेली तर अर्ज मागे घेतल्यासारखा होतो. बाकी सगळं जमूनही या दोन तारखा चुकल्यामुळे अर्ज बाद होतात. त्या एका माणसाच्या कॅलेंडरवर टाका. ‘विभाग बघेल’ यावर सोडू नका.

हे १२ महिने मोलाचे आहेत. मुलांनी बाहेरून आणलेली माहिती याच काळात क्लेम्सना, म्हणजे ज्या मुद्द्यांवर पेटंटचा हक्क मागतो त्यांना, आकार देते. फक्त एक लक्षात ठेवा. प्रोव्हिजनलमध्ये ज्याचा उल्लेखच नाही अशी नवी बाब कम्प्लीटमध्ये घातली, तर तिला जुनी तारीख मिळत नाही. तेव्हा प्रोव्हिजनल दोन पानांत उरकू नका. सुचतील तेवढे पर्याय, तापमान, प्रमाणं, रचना त्यात घाला.

नावांचंही इथेच सांगतो. पेटंटवर शोधक म्हणून कोणाचं नाव यावं हा मानाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. विभागप्रमुखांचं नाव आदरापोटी घालायचं नाही. बाजाराचा अभ्यास करणारी एमबीएची विद्यार्थिनी शोधक नसते. पण तिने तांत्रिक अडचणीवर उपाय सुचवला आणि तो क्लेममध्ये आला, तर ती शोधक आहे. विद्यार्थी हा विद्यापीठाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याचा हक्क विद्यापीठाकडे आपोआप येत नाही. पहिल्याच आठवड्यात एका पानाचं हस्तांतरपत्र सही करून घ्या. नंतर मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला की ती सही मिळवायला महिने जातात, आणि तोपर्यंत पेटंट वापरण्याचा परवाना घेणारी कंपनी थांबत नाही.

टीम

अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये २००२ पासून ‘टायगर’ नावाचा कार्यक्रम चालला. पीएचडी करणारे, एमबीएचे, आणि शेजारच्या एमरी विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी त्यात एकाच संशोधनावर एकत्र काम करत. २०११ मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ‘आय-कोर’ सुरू केला: छोटी टीम, सात आठवडे, आणि सुमारे १०० संभाव्य ग्राहकांशी बोलणं. दोन्हींतून घेण्यासारखी गोष्ट एकच. मध्यभागी प्राध्यापक नाही, पीएचडीचा विद्यार्थी असतो. गाइडला वेळ नसतो आणि त्यांची पुढची दहा वर्षं ठरलेली असतात. पीएचडीच्या चौथ्या वर्षातल्या मुलाला मात्र पुढे काय करायचं हा प्रश्न खराखुरा भेडसावत असतो.

आपल्याकडे मी असा संच सुचवेन: एक पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक), एमबीएचे दोघं, महिन्यातून दोनदा वेळ देणारा त्या धंद्यातला बाहेरचा माणूस, आणि गाइड सल्लागार म्हणून. कायद्याचं महाविद्यालय जवळ असेल तर तिथला एक विद्यार्थी जरूर घ्या. एमबीएचे चार-पाच जण एका टीमला देऊ नका. दोघं काम करतात, बाकीचे स्लाइड करतात. आणि पहिल्या वर्षी बाराच्या बारा संशोधनं घेऊ नका. तीन पुरेत.

तीन कोणती? शोध किती हुशार आहे यापेक्षा तीन गोष्टी बघा. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या नमुन्यावर एकदा तरी चाललंय का? वापरणारा माणूस एका दिवसाच्या प्रवासात भेटू शकतो का? आणि पीएचडीचा विद्यार्थी स्वतः यायला तयार आहे का? तिसरीचं उत्तर ‘नाही’ आलं तर पहिल्या दोन कितीही चांगल्या असोत, ते संशोधन यंदा बाजूला ठेवा.

एक उदाहरण जवळून

समजा, भौतिकशास्त्र विभागाने कांदा सडायला लागला की सुटणारे गंधकयुक्त वायू ओळखणारा सेन्सर केलाय. बंद डब्यात दोन किलो कांद्यावर तो छान चालतो. टीमने लासलगाव, निफाड, चांदवड, जुन्नर भागात, चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यांकडे जायचं ठरवलं.

पहिली चूक इथे होते: गुगल फॉर्म पाठवला जातो, ‘असं यंत्र आलं तर तुम्ही घ्याल का?’ शंभरातले ऐंशी जण ‘हो’ म्हणतात आणि अहवालात ऐंशी टक्के मागणी लिहिली जाते. त्या ‘हो’ला काही किंमत नाही. समोरच्याला नाही म्हणायचा संकोच असतो, आणि ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल. ‘दादा, मागच्या हंगामात चाळीत किती माल भरला होता? काढताना किती निघाला? खराब होतोय हे पहिल्यांदा कधी कळलं, कशावरून? कळल्यावर काय केलंत? किती मजूर, किती दिवस?’ आणि मग गप्प बसायचं. यंत्राचं नाव पहिल्या वीस मिनिटांत काढायचंच नाही.

असं विचारलं की काय निघू शकतं बघा. चाळीतलं नुकसान एका प्रकारचं नसतं. वजनात घट असते, कोंब येतात, आणि सड असते. सेन्सर फक्त सड ओळखतो. म्हणजे सादरीकरणातला ‘साठवणुकीतलं नुकसान टाळतो’ हा दावा तिथेच एक तृतीयांशावर येऊ शकतो. दुसरं, सड लागल्याचं कळलं तरी चाळ अर्धवट उपसता येत नाही. निवडायची तर पूर्ण कप्पा बाहेर काढावा लागतो. तिसरं, बरेच शेतकरी निवडत बसत नाहीत, सरळ माल बाजारात नेतात. म्हणजे इशाऱ्याचा उपयोग ‘वाचवणं’ नसून ‘कधी विकायचं ते ठरवणं’ हा आहे. आणि चौथं प्रयोगशाळेसाठी: जुलै-ऑगस्टमध्ये चाळीतली हवा दमट असते आणि अशा मेटल ऑक्साइड सेन्सरचं वाचन आर्द्रतेने हलतं. बंद डब्यात हे दिसलं नव्हतं. चाळ चहूबाजूंनी हवेशीर असते, तिथे वायू साचतच नाही, हेही डब्यात दिसलं नव्हतं. हे पीएचडीच्या मुलाने स्वतः चाळीत उभं राहून पाहिलं तर परत आल्यावर तो सेन्सरची जागा आणि आर्द्रतेची भरपाई यांवर काम करतो, आणि पेटंटातला सर्वांत मजबूत क्लेम कदाचित तिथूनच येतो. एमबीएच्या मुलांनी अहवालात ‘आर्द्रतेची समस्या आढळली’ असं लिहून दिलं तर तसं होत नाही. म्हणून पहिल्या दहा भेटींना वैज्ञानिक सोबत हवाच, ही अट मी कधीच शिथिल करू देत नाही.

आता हिशेब. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण मांडणी हीच ठेवा. २५ टनांची चाळ. वेळेवर इशारा मिळून ४ टक्के माल वाचला, म्हणजे १ टन. किलोला १५ रुपये धरले तर १५,००० रुपये. निवडायला सहा मजूर, दोन दिवस, ४०० रुपये रोज: ४,८०० गेले. उरले १०,२००. शेतकरी एका हंगामात पैसे वसूल व्हावेत अशा बेताने खर्च करतो आणि भावाची जोखीम त्याचीच असते. त्यामुळे तो यातले निम्मे, साधारण ५,००० खर्चेल. हवेशीर चाळीत चार ठिकाणी सेन्सर लागले तर एकाला १,२५० रुपये मिळतात. त्यात दुकानदाराचं कमिशन, बॅटरी, बिघडलं तर गावात जाऊन दुरुस्ती. सेन्सर, बोर्ड, पेटी आणि सिम मिळून साहित्याचाच खर्च १,८०० येत असेल तर हे गणित बसत नाही.

इथे बऱ्याच टीम ‘मोठ्या प्रमाणावर उत्पादन केलं की खर्च उतरेल’ असं लिहून पुढे जातात. तसं करू न देणं हे मार्गदर्शकाचं काम. ग्राहक बदलून पाहा. शेतकरी उत्पादक कंपन्या, मोठे व्यापारी, निर्यातदार, नाफेडसाठी साठा ठेवणारे. त्यांच्याकडे एका आवारात शेकडो टन असतात, माल कोणत्या क्रमाने बाहेर काढायचा हा त्यांचा रोजचा निर्णय असतो, आणि दुरुस्तीसाठी एकाच जागी जावं लागतं. तीच वस्तू, तोच सेन्सर, पण गणित वेगळं. किंवा बंद, नियंत्रित हवेच्या गोदामात, जिथे वायू साचतो, तिथे तो मुळातच जास्त चांगला चालेल. ही दिशा सापडली तर एमबीएच्या मुलांनी आपलं काम केलं.

तीस ते चाळीस मुलाखती पुरतात, पण त्या एकाच प्रकारच्या लोकांच्या नकोत. प्रत्येक मुलाखतीची नोंद त्याच रात्री, त्या माणसाच्याच शब्दांत लिहायची. आठवड्यातून एकदा पाऊण तास सगळ्यांनी बसायचं आणि एकच विचारायचं: मागच्या आठवड्यात जे खरं मानत होतो त्यातलं काय खोटं निघालं?

वेळापत्रक, गुण, पैसे

कार्यक्रम बहुतेक वेळा इथे मोडतात, म्हणून थोडं सविस्तर.

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट सुरू झाल्या की मुलं मनाने निघून गेलेली असतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सुरू करा आणि उन्हाळी इंटर्नशिप याच कामात धरा. सत्राचे चार महिने अधिक इंटर्नशिपचे दोन. संशोधनाचा स्वतःचा हंगामही बघा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, सड पावसाळ्यात दिसते. मागच्या वर्षीचं नुकसान विचारायचं तर चाळी रिकाम्या होतात तेव्हा, दिवाळीच्या आसपास जाणं बरं. हे जमत नसेल तर निदान ठाऊक असावं.

काम ऐच्छिक ठेवू नका. क्रेडिट द्या. आणि गुण निष्कर्षाला नव्हे, नोंदवहीला द्या. ‘याला ग्राहक नाही, थांबावं’ असा निष्कर्ष पुराव्यानिशी आला तर पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. तसं नसेल तर प्रत्येक टीम प्रत्येक शोध उत्तम असल्याचंच सांगेल. पीएचडीच्या मुलासाठी गाइडची लेखी संमती घ्या: आठवड्यातून एक दिवस. ती तोंडी असली की शोधनिबंधावर परीक्षकांचे शेरे आल्यावर पहिल्यांदा तोच दिवस जातो.

प्रवासखर्च एका टीमला सत्रात १५ ते २० हजार धरा आणि तो अग्रिम द्या. बिलं लावा, नंतर मिळतील, असं सांगितलं की तिसऱ्या फेरीनंतर मुलं जायची थांबतात. एसटीचं तिकीट आणि दुपारचं जेवण विद्यार्थ्याने सहा महिने स्वतःच्या खिशातून घालावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे.

सहा महिन्यांनंतर

चार वाटा असतात: परवाना देणं, कंपनी काढणं, पुन्हा प्रयोगशाळेत जाणं, थांबणं. शोध एखाद्या चालू उत्पादनाचा भाग होणार असेल (लेप, उत्प्रेरक, सुटा सेन्सर) तर परवाना बरा. ज्या कंपनीकडे विक्रीचं जाळं आहे तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. नवीनच वस्तू असेल, विकत घेणारी कंपनी अस्तित्वात नसेल आणि टीममधलं कोणीतरी पूर्ण वेळ द्यायला तयार असेल, तरच कंपनी. या तीनपैकी शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

कंपनी काढताना समभाग सरळ सारखे वाटून घेतले जातात. वर्षभरात एक जण नोकरीला जातो आणि पाव हिस्सा घेऊन जातो. मग कुणी गुंतवणूक करत नाही. हिस्सा चार वर्षांत हळूहळू पक्का होईल, पहिलं वर्ष पूर्ण केल्याशिवाय काहीच मिळणार नाही, अशी तरतूद भागधारकांच्या करारात पहिल्या दिवशी लिहा. संस्थेने किती घ्यायचा? केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात इन्क्युबेशनच्या (नव्या कंपनीला दिलेल्या सुविधा आणि मदतीच्या) बदल्यात २ ते ९.५ टक्के अशी मर्यादा सुचवली आहे, आणि सहसा त्यातही कमीच घ्यावा असं म्हटलं आहे. प्राध्यापकांना स्टार्टअपसाठी रजा देण्याची तरतूदही त्यात आहे. तुमच्या व्यवस्थापन परिषदेने ते धोरण स्वीकारलंय का, हे विचारा.

सरकारी योजनांतून पैसे मिळू शकतात: नमुना तयार करायला ‘निधी-प्रयास’मधून १० लाखांपर्यंत, संकल्पना सिद्ध करायला स्टार्टअप इंडिया सीड फंडातून २० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञान असेल तर बायरॅकच्या बिग योजनेतून ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. हे पैसे इन्क्युबेटरमार्फत किंवा भागीदार संस्थेमार्फत येतात, त्यामुळे पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साइन अशा इन्क्युबेटरमध्ये आधी जाऊन बोला. अर्जात चाळीस मुलाखतींच्या नोंदी जोडलेल्या असल्या की प्रश्न विचारणाऱ्यांचा सूर बदलतो.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करण्यासारखं एकच काम आहे. बैठकीत ज्यांनी सादरीकरण केलं त्यांच्या स्लाइड मागवा, कोण उपस्थित होतं त्याची यादी काढा, आणि दोन्ही घेऊन पेटंट एजंटाकडे जा. सभागृहात फक्त विद्यापीठाचे लोक होते की बाहेरचेही होते, आणि स्लाइडवर प्रत्यक्ष रचना किंवा प्रमाणं दाखवली होती की नुसते परिणाम, यावर त्यांपैकी किती संशोधनांचा अर्ज अजून होऊ शकतो ते ठरेल. यांतल्या कोणाचा प्रबंध पुढच्या दोन-तीन महिन्यांत जमा होणार असेल, तर त्याचं प्रकरण सर्वांत आधी घ्या. ती यादी झाली की इथे लिहा, म्हणजे तीन संशोधनं कोणती निवडायची ते नावानिशी बोलता येईल. रचना आणि प्रमाणं मात्र इथे लिहू नका.